मांडवातली रातपाळी

जयप्रकाश सर मायेनंच अडवायचे. रागानं अडवत असते तर संध्या केव्हाच भांडून मोकळी झाली असती.

"रात्रपाळी? अगं, तुला कशाला त्रास!" एवढं बोलून ते चहा मागवायचे. तोही तिला आवडतो तसा, आल्याचा.

संध्या त्यांच्या हाताखाली, उरणच्या वाटेवरच्या कंटेनर यार्डात होती. तिथं रिवाज असा, की रात्रपाळीचा इन्चार्ज झाल्याशिवाय कोणी मॅनेजर होत नाही. आणि बाईला त्रास नको, म्हणून रात्रपाळी बाईला नाही. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं एकेक करून वर गेली, बांधावरून भरतीचं पाणी जावं तशी. बांध आपला जागच्या जागी.

यंदा पाळी तेजसची. तो शिरवणे गावातला, तिच्याच आळीतला. त्याच्या हळदीला सर येणार होते, आणि मांडवातच बातमी देणार होते. आहेर म्हणून!

"आत्या, मी नाय येत हळदीला," संध्या म्हणाली.

सगुणाआत्या धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. तिच्या धवल्यांशिवाय आळीत ना हळद लागे, ना लग्न. पानाला चुना लावत तिनं विचारलं, "कोन अरवतं गो तुला?"

"कोनीच नाय. त्येच तं."

"मंग चल. माजे बाजूला बस. धवल्याला दुसरा गला कोन देल?"

मांडवात तेजस पाटावर बसलेला, नाकापर्यंत पिवळा. सरांनी डीजेवाल्याचा माइक घेतला. "तेजसला आमची भेट! एक तारखेपासून तेजस रात्रपाळीचा इन्चार्ज!"

पुरुषांनी टाळ्या पिटल्या. बायकांच्या बाजूला मात्र बांगडी वाजेना. तेजसच्या आईचा, सरस्वतीकाकूंचा हात त्याच्या गालावरच थांबला.

"रातपाली? परवा नवरी येतेय घरान, आनि यो कंटेनरचं डबं मोजीत बसल?"

आत्यानं घसा खाकरला. तिचा एक नियम होता. धवल्यात जो सापडेल, त्यानं तिथंच उत्तर द्यायचं. तोवर हळद पुढं सरकायची नाही.

*नवरा माजा, गो, राती डबं मोजी*
*नवरीचे उशाला, गो, मोगरा एकला*
*मोगरा कोमेजला, गो, कोनाचे करनीनं?*
*सायबाचे मायेनं, गो, सायबाचे मायेनं!*

बायका पदर तोंडाशी धरून लोटपोट. आत्या थांबली, श्वास घ्यायला. पण धवला थांबला नाही. संध्यानं तो उचलला होता.

*यार्डाला दार, गो, दार हाय उघरं*
*कुलूप नाय, कडी नाय, राखनीला कुत्रा नाय*
*तरी मी बाहेर, गो, कोनी मना अरवली?*
*सायबाचे मायेनं, गो, सायबाचे मायेनं!*

आता हसणाऱ्यांत पुरुषही होते. सरांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "हे माझ्यावर आहे का?"

"तुमच्यावरच हाय, सर," पाटावरून तेजस म्हणाला. "लवकर उत्तर द्या. हळद सुकतेय, खाज सुटलीय. आणि मला नको ती रात्रपाळी, आई शप्पथ!"

"अगं संध्या, मी तुझ्या काळजीपोटीच..."

"माहितीये ना, सर. म्हणून तर गाऊन सांगितलं. नाहीतर भांडले असते."

"पण त्रास होईल गं तुला."

"होऊ दे की! पगार देता, रजा देता, चहा पाजता. माझा त्रास तेवढा तुमीच ठेवून घेता."

आत्यानं हळदीची वाटी उचलून मांडीवर ठेवली. "सायेब, पोरगा वालून पापर व्हयाला आला."

सरांनी सगळीकडं पाहिलं. एवढा मांडव, एवढी माणसं, गॅसवर मटण, आणि सगळं त्यांच्यापाशी येऊन अडलेलं. अडणं कसं असतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"बरं बाई, तू! एक तारखेपासून तूच!"

वाटी पुढं सरकली. डीजे दणाणला. कोणीतरी सरांच्या कडक इस्त्रीच्या कुर्त्यावर पिवळा पंजा उमटवला. कोणी, ते आत्या अजून सांगत नाही.

एक तारखेला संध्याकाळी यार्डाच्या दारातून आत शिरताना संध्याचा फोन वाजला. सरांचा मेसेज. "पोहोचलीस का? काही त्रास?"

तिनं लिहिलं, "हो सर. हवा होता तेवढा."