काठापासून वीस मीटर

"टेप पुन्हा धर," वनरक्षक धम्मानंद म्हणाला.

बजरंगनं नाल्याच्या काठावर टेपचं टोक दाबून धरलं, पण नाराजीनंच. तो जंगल कामगार सोसायटीचा मुकादम. उद्या सकाळी त्याची चाळीस माणसं कुऱ्हाडी घेऊन या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तोडीला लागणार होती. धम्मानंद टेप ओढत चढावर गेला आणि पंधरा मीटरवरच थांबला. समोरच्या सागवानाची साल तासलेली होती आणि तिथं तोडायच्या झाडावर मारतात तो त्याच्याच हातोड्याचा सरकारी ठसा होता. नंबर दोनशे चौदा.

नाल्याच्या काठापासून वीस मीटरच्या आतलं झाड तोडायचं नाही, हा नियम वनरक्षकाला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच पाठ होतो. पण मार्चमध्ये झाडांवर ठसे मारताना कोरडा नाला सागाच्या पानांनी भरून गेला होता. काठ कुठला ते दिसेना, म्हणून धम्मानंदनं टेप नाल्याच्या मधोमध धरली. बत्तीस वर्षं जंगल मोजलेल्या माणसानं भर उन्हात कंटाळून केलेली चूक होती ती.

दोनशे चौदाच्या बुडाशी लेंड्यांचा काळा ढीग होता. चौशिंगा, म्हणजे चार शिंगांचं ते बुजरं हरीण, रोज येऊन एकाच जागी लेंड्या टाकतं. त्याला नाल्याचं पाणी लागतं आणि लपायला दाट आडोसा लागतो. आडोसा गेला की ते जागा सोडून जातं, परत येत नाही. आज ढिगावर काही लेंड्या अगदी बारीक होत्या. मादी व्याली होती.

"किती झाडं आत घुसली?" बजरंगनं विचारलं.

"अडतीस."

"अन् तीच लई जाड. पाण्यावरची हायेत ना! गार्डसाहेब, कागदं झाले, सह्या झाल्या. आता तोंड उघडलं तं समदा कूप बंद पडंल. माझी माणसं ऊसतोडीला गेली न्हाईत या कामापायी."

"माहीत हाय मला."

"दहा दिवसांनी रिटायर हून राहिले तुम्ही. तुमच्या मागं कोण येतंय टेप लावायला?"

धम्मानंदला तेच झोंबलं. खरोखरच कोणी आलं नसतं. हरणाची कीव नंतर आली, आधी त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तो वनपाल मंजुश्रीमॅडमपुढं उभा राहिला. लेकीच्या वयाची बाई, पण कामाला चोख. तिनं चूक कबूल करणारा त्याचा अर्ज दोनदा वाचला.

"काका, लेखी दिलंत तर चौकशी होईपर्यंत हातोडा जमा करून घ्यावा लागेल मला. तोंडी सांगा, मी बघते काहीतरी."

"झाडाला तोंडी कळत न्हाई, मॅडम. ठसा दिसला की कुऱ्हाड पडती." मग तो म्हणाला, "फकत बाकीचा कूप अडवू नका. माझ्या चुकीपायी त्या चाळीस माणसांची चूल कशाला विझवायची?"

त्यानं पट्ट्याला लटकवलेला हातोडा काढून टेबलावर ठेवला. दांडा जिथं तो धरायचा तिथं घासून गुळगुळीत झाला होता. घरी गेल्यावर बायकोनं, महामायानं, त्याच्या रिकाम्या पट्ट्याकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

तीन दिवस माणसं बसून राहिली. चौथ्या दिवशी अडतीस झाडं सोडून तोड सुरू झाली. बजरंगनं मात्र धम्मानंदशी बोलणं टाकलं. त्या भागात एक रीत होती. गार्ड निवृत्त होताना रानातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या लाकडावर त्याच्याच हातून ठसा मारून घ्यायचे, आणि मजूर नारळ फोडायचे. बजरंगनं नारळही हदगावच्या बाजारातून आधीच आणून ठेवला होता. आता ठसे कंधारकडून बदलून आलेला वनरक्षक अमरेश मारत होता.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी धम्मानंद नाल्याच्या काठावर, दोनशे चौदाच्या समोरच्या बाजूला येऊन बसला. अडतीस झाडांच्या ठशांवर ते रद्द केल्याची डांबराची काळी फुली होती. त्यांच्या मागचा डोंगर बोडका दिसत होता. तिथल्या तोडलेल्या झाडांवरचे ठसेही त्याच्याच हातचे होते.

मागं पाचोळा वाजला. बजरंग होता, हातात नारळ घेऊन.

"शेवटचं लाकूड गेलं," तो म्हणाला. "हातोडा न्हाई तं न्हाई. नारळ तुमच्याच नावाचा हाय. फोडतो हितंच." आणि त्यानं दगड बघून हात उचलला.

धम्मानंदनं त्याचं मनगट धरलं.

"नको रं. आवाज हुईल."

त्यानं हनुवटीनंच पलीकडं दाखवलं. दोनशे चौदाच्या मागं, गवतात, दोन कान हलले. त्यांच्या खाली आणखी दोन, इवलेसे.

बजरंगनं हात हळूच खाली घेतला. तो धम्मानंदच्या शेजारी टेकला आणि नारळ त्याच्या हातात दिला. मग अंधारू लागल्यावर धम्मानंदनं तो अख्खा नारळ काखेत घेतला आणि पायाखालचा पाचोळा चुकवत घराकडं निघाला.