न चाखता

“तीन उरुळ्या, दोन पातेलीं, चार लांब पळ्या. मोजून घ्या काका. संध्याकाळीं एखादी कमी निघाली तर देवाने नेली म्हणूं नका.”

टेम्पोच्या फळीवरून शेवटची उरुळी, रुंद तोंडाची पितळी कढई, खाली सरकवत कल्याणराम म्हणाला. सेतुमाधव राव चुलीपाशी वाकून लाकडं रचत होता. त्याने मान वर केली नाही.

“माझा देव पितळ नेत नाहीं.”

“तेंही खरेंच. तुमचा देव नाक नेतो.”

सेतू हसला. टोमणा चांगला होता, आणि चांगल्या गोष्टीला दाद द्यायची त्याला सवय होती.

कुंभकोणमहून तिरुभुवनमला जाणाऱ्या रस्त्यावर रेशमाच्या विणकरांची वस्ती आहे. तिथल्या लहानशा चर्चच्या मागे पत्र्याची शेड आहे, आणि त्या दिवशी तिच्यात तीन चुली पेटल्या होत्या. सुगीच्या सणाचं सामुदायिक जेवण होतं. तमिळ ख्रिस्ती लोक त्याला असनम म्हणतात. पानं दोनशे ऐंशी. इतर ठिकाणी असनमला बिर्याणी असते. इथे भात, सांबार, दोन भाज्या आणि पाल पायसम, म्हणजे दुधाची खीर, असायचं, कारण बारा वर्षं इथला आचारी सेतू होता. भांडी मात्र यंदा पुतण्याच्या दुकानातून भाड्याने आली होती. चर्चच्या समितीने सेतूला आधीच सांगून ठेवलं होतं: यंदा जेवण बिघडलं, तर पुढच्या वर्षापासून भांड्यांबरोबर स्वयंपाकही कल्याणरामचा.

काका-पुतणे बोलत होते ते त्यांच्या घरातलं जुनं मराठी. तंजावरच्या राजांच्या काळात त्यांचे पूर्वज मुदपाकखान्यात चाकरीला आले, असं घरचे सांगत. कागद कुणाकडे नव्हता. कागद नसला तरी एक नियम टिकला होता. या घरातला आचारी रांधताना चाखत नाही. देवाला दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लागायचं नाही. मीठ वाफेवरून ओळखायचं, चिंच उकळीच्या वासावरून. सेतू चौदाव्या वर्षी वडलांच्या हाताखाली उभा राहिला. वडलांनी त्याला दोन वर्षं नुसता वास घ्यायला लावला होता.

त्सुनामीच्या साली एका संस्थेने नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर अन्नछत्र उघडलं. सेतू तिथे सव्वा महिना रांधत होता. एक कोळीण रोज पान पुढे घेऊन हात जोडायची, मगच जेवायची. तिची तिन्ही मुलं लाटेत गेली होती. एकदा सेतूने विचारलं, “कुणाचे आभार मानतेस, अम्मा?” ती म्हणाली, “त्यालाही सोडलं तर पोरांसाठी भांडू कुणाशी?” सेतू घरी आला आणि वाचायला लागला. आठ वर्षं वाचत होता. मग एका सकाळी कावेरीत उतरून त्याने बाप्तिस्मा घेतला.

त्या महिन्यात त्याच्याकडची मुंजी-लग्नांची सगळी घरं सुटली. ती त्याच्या थोरल्या भावाकडे, कल्याणरामच्या वडलांकडे, गुरुमूर्तीकडे गेली. पंकजाने, त्याच्या बायकोने, एवढंच सांगितलं, “तुमचा देव तुमच्यापाशी, माझा कृष्ण माझ्यापाशी. स्वयंपाकघर एकच राहील.” ते एकच राहिलं. सेतू गिरण्यांच्या, शाळांच्या, जात न विचारणाऱ्यांच्या पंगती रांधू लागला. चाखत मात्र नव्हता. पास्टर ज्ञानसेल्वम त्याला म्हणाले, “अण्णा, आपल्यात उष्टं-सोवळं नाही. चाखलंत तर पाप लागत नाही.”

“माहीत आहे, अय्या. पाप म्हणून नाही. आभार मानायच्या आधी माझ्या तोंडात काही जात नाही, एवढंच.”

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघे भाऊ एकाच आठवड्यात आजारी पडले. सेतूने खाटेवरून गुरुमूर्तीसाठी अकरा दिवस प्रार्थना केली. बाराव्या दिवशी गुरुमूर्ती गेला. सेतू उठला, तेव्हा त्याचं नाक मेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल दोन महिन्यांत. या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

पहिल्याच मोसमात पट्टीश्वरमच्या एका लग्नात चारशे पानांचं पायसम खाली लागलं. आचाऱ्याला सोडून सगळ्या मांडवाला तो वास आला. थेंबभर जिभेवर घेतलं असतं तरी कडूपणा कळला असता. नवरीचा मामा पाहुण्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “दोन देव धरलेल्याला एक नाक पुरत नाही.” हे वाक्य गावात पुष्कळ फिरलं. ते पहिल्यांदा कल्याणरामनेच सेतूला ऐकवलं होतं.

पुढचं वर्षभर पंकजाने त्याला पुन्हा शिकवलं. तो रांधायचा, ती आपल्या कृष्णाला दाखवायची, मग जेवून निकाल सांगायची. सेतू मीठ तोलायला शिकला. फोडणी झाली हे मोहरीच्या आवाजावरून ओळखायला शिकला. ती तडतडून थांबली की दोन श्वास मोजायचे. दूध लागायच्या आधी तळ पळीला खरखरतो, ते मनगटाला कळू लागलं. रोज सकाळी कॉफीचा पेला नाकाशी धरून ती विचारायची, “ऐकलां का, वास येतो?” तो नाही म्हणायचा. त्या दिवशी पहाटे तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “तुमचाही गप्प, माझाही गप्प. दोघांनी संगनमत केलें काय?”

आता कल्याणराम टेम्पोशी रेंगाळला होता. ड्रायव्हर चहाला गेला होता. त्याने उगाच एक पळी उचलून पुसली.

“काका, एक विचारूं?”

“विचार.”

“अप्पांसाठीं मागितलेंत तुम्ही. अकरा दिवस. काय झालें?”

सेतूने लाकूड आत सरकवलं. “अप्पा गेला.”

“आणि तरी तुम्ही इथें.”

“हो.”

“कां?”

“मला उत्तर येत असतें तर तुला न विचारतां सांगितलें असतें, रामा. तांदूळ धुवायचे आहेत. तूं बाजूला हो.”

साडेदहाच्या सुमाराला सौंदर्या टीचर पदर खोचून शेडमध्ये आल्या. समितीत स्वयंपाकाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि सेतूच्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

“स्तोत्रम, अण्णा,” चर्चमधल्या रीतीने नमस्कार करत त्या म्हणाल्या. “तिरुचीचे उपदेशक आलेत. उपासनेनंतर तुम्हाला पुढे बोलावणार आहेत.”

“कशाला?”

“प्रार्थना करणार. मग ताजी कॉफी पावडर हुंगायला देणार. सगळ्यांसमोर.” त्यांनी आवाज खाली केला. “अण्णा, बाहेर गेटपाशी पण माणसं जमलीत. तुमच्या गल्लीतली पण आहेत. समितीतले म्हणतात, चार वर्षं प्रार्थना करून बरा होत नाही, म्हणजे ह्याचा विश्वासच कच्चा. नुसतं ‘थोडा येतोय’ म्हणा. थोडा. स्वयंपाक तुमच्याकडे राहील.”

“थोडा येत नाही, टीचर.”

“मला माहीत आहे. मी काय म्हणतेय ते तुम्हालाही कळतंय.”

सेतूला कळत होतं. ‘थोडा’ म्हटलं की आत बसलेले टाळ्या वाजवतील, गेटवरचे गप्प होतील, समिती निवांत होईल. शिवाय पट्टीश्वरमचं लग्नही लोक विसरतील. एवढ्याशा शब्दाला इतकी फळं लागलेली त्याने पाहिली नव्हती. पायसमचं दूध निम्म्यावर आलं होतं. पुढची वीस मिनिटं त्याच्यापाशीच उभं राहून ढवळायची होती. बोलावणं आलं तेव्हा त्याने पळी मदतीच्या दोघी बायकांपैकी थोरलीच्या हातात दिली आणि सांगितलं, “थांबायचं नाही. तळापासून.”

आत पंखे फिरत होते. उपदेशक पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, खरोखर तळमळीचा माणूस होता. त्याने सेतूच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि घाम येईपर्यंत प्रार्थना केली. लोक अल्लेलूया म्हणत होते. सेतू मनापासून त्यांच्यासोबत मागत होता. आत कुठेही तो उपरोधाने उभा नव्हता. मग पावडरीची पुडी फोडली गेली. पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकं वर केली, यावरून वास किती पसरला ते त्याला दिसलं.

“दीर्घ श्वास घ्या, भाऊ. घ्या. येतोय ना?”

सेतूने श्वास घेतला. छाती भरली. गार हवा आत गेली आणि गार हवाच बाहेर आली.

“नाही.”

“विश्वासाने घ्या. अगदी थोडा?”

माइक त्याच्या ओठांपाशी होता. खिडकीत गल्लीतली ओळखीची डोकी होती. सौंदर्या टीचर मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

“नाही, अय्या. काहीच येत नाही,” सेतू म्हणाला. आवाज पंगतीत वाढायला सांगतात तसा, स्वच्छ होता. “चार वर्षं रोज सकाळी मागतो. अजून उत्तर नाही. उद्या सकाळी पुन्हा मागेन. तुम्ही मनापासून मागितलंत, तुमचे उपकार. आता मला सोडा, दूध चुलीवर आहे.”

गेटवर कुणीतरी खो-खो हसलं. उपदेशकाने पुडीचं तोंड हळूहळू दुमडलं. सेतू मधल्या वाटेने ताठ चालत बाहेर पडला. दारापाशी पास्टर ज्ञानसेल्वम उभे होते. बाजूला होताना त्यांनी थोरल्या माणसाला करतात तसे हात जोडले.

शेडकडे वळता वळताच त्याला दिसलं की ज्या बाईला पळी दिली होती ती चर्चच्या खिडकीशी, बाकीच्यांत उभी आहे. तमाशा बघायला दोघीही आल्या होत्या. त्याने मिनिटं मोजली. सात, कदाचित आठ. एवढ्यात दूध लागतं. सेतू त्रेसष्टाव्या वर्षी धावला.

उरुळीपाशी कल्याणराम होता. शर्ट काढून खांबाला अडकवलेला, जानवं पाठीवर सारलेलं, दोन्ही हातांनी पळी तळापासून ओढत होता. घाम हनुवटीवरून गळू नये म्हणून मान बाहेर काढलेली, आजोबांनी शिकवली होती तशी.

“बायका गेल्या,” तो वर न बघता म्हणाला. “खरखर लागली होती. लाकडें काढलीं मी.”

सेतूने खाली पाहिलं. दोन जळती लाकडं बाहेर वाळूत पडली होती.

“लागलें?”

“नाहीं. वास बेस आहे. माझ्या नाकावर विश्वास नसेल तर चाखा.”

“तुझें नाक अप्पाचें आहे. चाखाचें काय कारण?”

कल्याणराम पळी ओढत राहिला. हे पायसम करपलं असतं तर पुढच्या वर्षी ही शेड त्याची होती. ते दोघांनाही माहीत होतं.

“खिडकींतून ऐकू येत होतें असकें, शब्दन् शब्द,” तो म्हणाला. “थोडा येतो म्हणाचें होतें, काका. कोण तपासणार होतें?”

“कोणी नाहीं. पण उद्यां सकाळीं पुन्हा त्याच्यापाशीं मागाचें आहे, रामा. आज त्याच्या नांवाने खोटें सांगितलें तर उद्यां कुठल्या तोंडाने मागूं?”

“आणि उद्यांही नाहीं दिलें तर?”

“परवां.”

कल्याणरामने पळी त्याच्या हातात दिली. खांबावरचा शर्ट घेतला, पण घातला नाही. वाऱ्याला धरून उभा राहिला. “उदंड हट्टी आहांत तुम्ही,” तो म्हणाला. “अप्पाही असेच म्हणत.”

“काय म्हणत?”

“हेंच. सेतू हट्टी आहे, पण त्याच्या हातचें पायसम माझ्याहून चांगलें.” त्याने तोंड वळवलं. “आजारपणांत म्हणाले. तुम्हाला सांगाचें राहिलें.”

चार वर्षं राहिलं होतं. सेतू पळी तळापासून ओढत राहिला, आणि मनगटाला तळ गुळगुळीत लागत होता.

दीड वाजता पंगत बसली. पास्टरांनी आभाराची प्रार्थना केली, ती या खेपेस थोडक्यात. भात पडला, सांबार पडलं. आधी बोलणं चालू होतं: उपदेशकाबद्दल, सकाळच्या त्या नकाराबद्दल, कुणाचा विश्वास किती याबद्दल. मग पायसम आलं, आणि ओळीतलं बोलणं एकेक करून थांबत गेलं. दोनशे ऐंशी माणसं खाली मान घालून जेवत होती. समितीचे अध्यक्ष वाढप्याला हात करत होते, पानाच्या कडेला, इथे, अजून. उपदेशकाने तिसऱ्यांदा मागून घेतलं. स्वयंपाक कसा झाला हे सेतूला कुणी सांगितलं नाही. शेडच्या खांबाला टेकून तो ती शांतता ऐकत होता. पन्नास वर्षांत त्याने दुसरी कुठलीही दाद कधी खरी मानली नव्हती.

शेवटच्या ओळीत, वाढप्यांबरोबर, तो स्वतः बसला. सौंदर्या टीचरनी त्याला वाढलं. पत्र्याबाहेर कल्याणराम रिकामी पातेली टेम्पोत चढवत होता. तो इथलं पाणीही घेणार नव्हता, आणि सेतूने त्याला आग्रह केला नाही.

“पुढच्या वर्षीचं नंतर ठरवू म्हणाले,” टीचर हळूच म्हणाल्या. “अण्णा, समितीचं तुम्हाला माहीतच आहे.”

“ठरवू दे.”

त्याने हात जोडले, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण यादीत गुरुमूर्ती होता, कल्याणराम होता, पंकजा होती, आणि सगळ्यात शेवटी नाक होतं. मग त्याने सांबार-भाताचा पहिला घास घेतला. गरम होता. मीठ बरोबर होतं. त्यापलीकडे काही कळलं नाही.

“टीचर,” तो म्हणाला, “भात वाढा.”