सूनबाईंचे सोळा टन

नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी पाटी होती: सोळा टनांपेक्षा जड वाहनांना बंदी. सासरेबुवांचा भरलेला ट्रक पंचवीस टनांचा. त्यामुळे गेली तीन वर्षं ते रोज चाळीस किलोमीटरचा वळसा घालत होते आणि वाटभर त्या पाटीचा उद्धार करत होते.

मुलाचं लग्न होऊन आठवडाही झाला नसेल, तर चहा पिता पिता त्यांनी सुनेसमोरच तोफ डागली.

"हे आकडे ठरवतो तरी कोण? पंख्याखाली बसलेला कुणीतरी दीडशहाणा!"

सून सरकारी नोकरीत इंजिनिअर, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिनं कप खाली ठेवला.

"बाबा, तो दीडशहाणा मीच."

सासऱ्यांना जो ठसका लागला तो थांबेना. मुलगा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला.

"पुलाच्या तुळईला तडा होता," ती म्हणाली. "आकडा मी काढला, साहेबांनी सही केली. आता दुरुस्ती झालीय. शुक्रवारी भरलेला ट्रक पुलावर उभा करून बघायचाय. खडूच्या रेघेवर अलगद चाक थांबवणारा ड्रायव्हर हवाय. आहे कुणी ओळखीत?"

शुक्रवारी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून हजर! मुंगीच्या पावलानं ट्रक पुलावर नेला, चाक बरोब्बर रेघेवर टेकवलं आणि खिडकीतून खाली डोकावले. पाहतात तर हेल्मेट घातलेली सून पुलाखालून कडेला आलेल्या मचाणावर, मापकाच्या काट्याला डोळा लावून उभी.

ते ओरडले, "अगं, तू तिथं काय करतेयस?"

"काटा इथूनच दिसतो, बाबा! हलू नका!"

आजवर दोन-चार टन जास्त भरताना त्यांनी कधी मागचापुढचा विचार केला नव्हता. आज तासभर ते श्वासही बेतानं घेत होते, जणू त्यानंही वजन वाढेल.

"पूल चारच मिलिमीटर वाकला!" खालून आरोळी आली. "आता मागे घ्या!"

ट्रक मागे सरला तसा काटाही मूळ जागी परतला. सून टाळ्या पिटत वर आली. सासऱ्यांनी खाली उडी मारली आणि साठीतला तो माणूस भर रस्त्यात, सगळ्या साहेबांदेखत नाचला.

पंधरा दिवसांत पंचवीस टनांची नवी पाटी लागली. चहाच्या टपरीवर एका दोस्तानं डोळा मारला, "अठ्ठावीसही खपतील की!"

"एक पोतं जास्त घालून बघ," सासरे बाह्या सारत म्हणाले, "चाकातली हवा मीच सोडतो. आमच्या सूनबाईंनी खाली उभं राहून ठरवलंय ते!"