तापीमायची ओटी

मंगलाबाईंनी आयुष्यात बोललेला एकही नवस फेडायचा राहिला नव्हता. सोळा सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब नाही. त्यांचे यजमान सुकलाल म्हणायचे, "आठवड्याला सात वार कमी पडतात हिला. आठवा निघाला तर त्याचाही उपास धरील."

पण या खेपेच्या नवसानं मात्र त्यांची झोप उडवली होती.

मागच्या वर्षी सुनेचा, धनश्रीचा, गर्भ तिसऱ्या महिन्यात टिकला नाही. तेव्हा मंगलाबाई सुरतेतल्या कतारगामच्या खोलीतून निघून थेट नदीवर गेल्या आणि पाण्याकडे बघत बोलून बसल्या, "माय, पुढच्या खेपेला सातवा लागू दे. सुनेला होडीत घालून आणीन. मध्यधारेत उभी राहून ती स्वतःच्या हातानं तुझी ओटी भरील." तापी त्यांच्या माहेरावरून, चोपड्याकडून वाहत येते. सुरतेत माहेरचं म्हणावं असं तेवढंच. माहेरच्या माणसाला शब्द देताना कोणी मोजूनमापून बोलत नाही.

आता सातवा लागला होता. धनश्री टुणटुणीत होती आणि भीतीनं गळाठल्या होत्या त्या मंगलाबाई.

"नळाला तापीचंच पाणी येतं," सुकलाल म्हणाले. "धनश्रीला मोरीत उभी कर, बादलीत नारळ सोड. फिटला नवस."

"तुम्ही गप्प बसा."

"मग कसाले घाबरस? नवस तूच करेल शे ना?"

शेवटी धनश्रीनं तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनाच विचारून टाकलं. बाई नको म्हणतील, म्हणजे देवीपुढे सांगायला एक कारण होईल, अशी मंगलाबाईंची आतल्या आत आशा होती. पण बाईंनी रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "खुशाल जा. पाणी संथ हवं, वारा सुटायच्या आत तासाभरात परत. जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. रिकाम्या पोटी गेलीस तर मळमळेल, थोडं कोरडं खात राहा, पाणी पी. पोटात कळ आली किंवा अंगावर काही गेलं तर ओटीबिटी सोडून होडी वळवायची."

"आणि आई घाबरल्या तर?" धनश्रीनं विचारलं.

"त्यांची फाईल माझ्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी आठला तिघं कॉजवेच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पोचली. तिथं पाणी तळ्यासारखं पसरलेलं असतं. लखनला, म्हणजे धनश्रीच्या नवऱ्याला, लूमच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. त्याच्या वाट्याची काळजीही मंगलाबाईंनी पिशवीत भरून आणली होती. फाईल, लिंबं, पाण्याच्या दोन बाटल्या, कोरडं लुगडं, छत्री, उशी.

"पलंग राहिला," सुकलाल म्हणाले.

होडीवाले गोपालभाई जन्मभर याच पाण्यात जाळं टाकत आलेले. त्यांनी स्वतः धनश्रीच्या जॅकेटचे पट्टे बांधले, एक पोटाच्या वर, एक खाली. पोटावर काही आवळलं नाही. तिला होडीच्या मधोमध, खाली उशीवर बसवलं. मंगलाबाईंना जॅकेट दिलं तर त्या म्हणाल्या, "मला कशाला? मला थोडंच काही होणार आहे?"

"आई, तुम्ही बुडालात तर बाळंतपण कोण करणार?"

मंगलाबाईंनी मुकाट्यानं जॅकेट घातलं.

सुकलाल मागच्या टोकाला बसले आणि होडी निघाली. धनश्री लाह्या खात इकडेतिकडे बघत होती. मंगलाबाई तिचं मनगट धरून जप करत होत्या, मात्र डोळे मिटत नव्हते. मध्यधारेत आल्यावर गोपालभाईंनी वल्ही थांबवली. मंगलाबाईंनी खण, नारळ, हळदकुंकू काढून सुनेच्या ओंजळीत दिलं. धनश्रीनं ते एका हातानं छातीशी धरलं, दुसऱ्यानं होडीच्या कडेचा आधार घेतला आणि एक गुडघा उचलला. होडी त्या बाजूला कलली.

"ना ना, बेन. होडीत उभं नाही राहायचं."

"दोनच मिनिटं, भाई," धनश्री म्हणाली. "नवस तसा आहे. माताजीला शब्द दिलाय."

"माताजी ना नहीं बोलती," गोपालभाई शांतपणे म्हणाले. "होडी ना बोलती है."

धनश्रीनं सासूकडे पाहिलं. आता तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "आई, तुम्ही मला धरा. मी उभी राहते. मागच्या वेळेसारखं काही नको व्हायला."

मंगलाबाईंनी तीस वर्षांच्या संसारात एक शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि हा तर सगळ्यांत मोठा. पण हाताखाली सुनेचं मनगट होतं आणि त्यात नाडी भराभरा उडत होती.

"खाली बस," त्या म्हणाल्या.

"पण नवस..."

"बसूनच सोड. शब्द माझा होता, मोडला तर मी मोडला. माय, काय बोलायचं ते मला बोल, पोरीला नाही."

धनश्रीनं बसल्या बसल्या हात लांब करून ओटी पाण्यात सोडली. नारळ एकदा बुडाला, वर आला आणि निवांत चालू लागला. नदी काही रागावल्यासारखी दिसली नाही. तरी परतताना मंगलाबाई पुटपुटत होत्या, "याचं प्रायश्चित्त घ्यावं लागेल. चहा सोडते मी जन्मभर."

"चहा सोडलास तर मी घर सोडीन," सुकलाल म्हणाले. "चहावाचून तू किती गोड बोलतेस, एकादशीला ऐकलंय."

"आई, मी सांगू प्रायश्चित्त?" धनश्री म्हणाली. "सोपं असेल तर ते प्रायश्चित्त कसलं? तुम्हाला सगळ्यांत जड काय जातं? बाळ होईपर्यंत उपास सोडा. गुरुवारी मी एकटी जेवते आणि तुम्ही समोर बसून माझे घास मोजता. मला गिळवत नाही."

हे असलं प्रायश्चित्त कुठल्या पोथीत असेल, ते मंगलाबाई आठवून पाहत होत्या. काठ जवळ आला.

"आजचा धरलेला आहे, तो रात्रीच सुटेल," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी तुला काय खावंसं वाटतं ते सांगून ठेव. दोघींपुरतं करते."

"तिघांपुरतं," सुकलाल म्हणाले. "मी कुठला उपास धरलाय?"