बाहेरचा आकडा

डॉक्टरांनी घड्याळजींच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानांत अडकवला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. पारा नळीत वर चढला, क्षणभर थांबला, मग हवा सुटू लागली तसा सावकाश उतरू लागला. पहिला ठोका कानांत वाजेल तो आकडा. घड्याळजी छताकडे बघत होते. दुसरा माणूस काम करत असताना वाकून बघू नये, हा त्यांच्या दुकानातला नियम ते इथेही पाळत.

"एकशे शेहेचाळीस," डॉक्टर म्हणाले. "बाहेर किती होतं?"

घड्याळजींनी मुठीतली चिठ्ठी पुढे केली. बाहेरच्या खोलीत ताईंनी मशीनवर घेतलेला आकडा तिच्यावर होता. एकशे अडुसष्ट.

"बघा. बावीस उतरलं."

चिठ्ठी टेबलाखालच्या टोपलीत गेली आणि एकशे शेहेचाळीस केसपेपरवर चढले.

गेली चार वर्षं हे असंच चाललं होतं. मशीन आणलं ते ताईंच्या आग्रहाखातर. बावीस वर्षं दवाखाना सांभाळणाऱ्या बाईचं एवढं तरी ऐकावं म्हणून डॉक्टरांनी ते घेतलं, पण आपल्या टेबलावर येऊ दिलं नाही. बाहेर गर्दी, कुणाचं तरी मूल रडत असतं, सुईची धास्ती असते. तिथला आकडा घाबरलेल्या माणसाचा, असं त्यांचं म्हणणं होतं. आत आलं, दार लागलं, दोन मिनिटं गेली की तोच माणूस निवायचा आणि आकडाही निवायचा. सुरुवातीला चार-पाचनं, मग दहानं, आता तर वीस-बावीसनं. डॉक्टर समोर दिसला की रक्तदाब चढतो असं त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं. आपल्या बाबतीत उलटं घडतं, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्यांच्या हाताला गुण आहे असं गावात कुणी म्हणत नसे, रोग्यांशी गप्पा मारणं त्यांना जमत नसे, आणि दिलेली गोळी बरोबर होती ना या विचारानं ते अनेकदा अर्ध्या जेवणावरून उठून पुस्तक उघडत. स्वतःविषयीची ही एवढी एक चांगली गोष्ट मात्र त्यांनी जपून ठेवली होती.

रोग्यांनाही ती ठाऊक झाली होती. एका आजींनी तर, माझ्या सुनेला आठवड्यातून दोनदा इथं आणून बसवते, तिचाही पारा उतरेल, असं सगळ्या बाकाला ऐकवलं होतं. डॉक्टर तेव्हा लाजून केसपेपर चाळत बसले होते.

घड्याळजींनी बाही खाली केली. सकाळी उठल्यावर डोकं मागून जड असतं, हे त्यांनी मागच्या वेळी सांगितलं होतं, आजही सांगितलं. गोळी वाढवायची का, हेही विचारलं. थोरल्या भावाची हकीकत डॉक्टरांना नव्यानं सांगायची गरज नव्हती. भावाची एक बाजू गेली होती आणि दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"आकडा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "उगाच गोळ्या कशाला वाढवायच्या?"

सहा महिन्यांत हे ते तिसऱ्यांदा सांगत होते. घड्याळजींनी मान डोलावली. पण उठले नाहीत. खिशातून त्यांनी कापडाची एक लहान पिशवी काढली आणि तिच्यातून डॉक्टरांचं घड्याळ.

ते वडिलांचं, चावीचं घड्याळ. दोनच काटे, सेकंदकाटा नाही. रोज सकाळी चावी द्यायची, कानाला लावायचं आणि परत डबीत ठेवायचं, अशी डॉक्टरांची सवय होती. महिन्यापूर्वी कानाला लावलं तर आतून काहीच आलं नाही. चार दिवस तसंच झालं तेव्हा त्यांनी ते ताईंबरोबर दुकानात पाठवून दिलं.

"याला काही झालेलं नाही," घड्याळजी म्हणाले. "पंधरा दिवस डोळ्यासमोर ठेवलं. मिनिटभर मागे पडत नाही. तुमच्या समाधानासाठी तेल तेवढं दिलंय."

डॉक्टरांनी घड्याळ डाव्या कानाला लावलं. मग उजव्या.

"परत बंद पडलं," ते म्हणाले.

घड्याळजींनी ते घेऊन आपल्या कानाशी धरलं आणि हसले. मग नखानं मागचं झाकण उघडून टेबलावर ठेवलं. आत बारीक चक्र इकडून तिकडे, तिकडून इकडे झोके घेत होतं.

"चालू आहे की. आवाज तर असा खणखणीत, लाकडी फळीवर ठेवलं तर बाहेर बाकावरच्याला ऐकू जाईल."

डॉक्टर त्या चक्राकडे बघत राहिले. ते मोठ्या इमानानं हलत होतं आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता.

मग ते खाली वाकले, टोपलीतून चिठ्ठी काढली आणि टेबलावर हातानं सपाट केली.

"बाही परत वर करा."

या वेळी स्टेथोस्कोप टेबलावरच राहिला. डॉक्टरांनी डाव्या हाताची बोटं घड्याळजींच्या मनगटावर ठेवली आणि उजव्या हातानं फुगा दाबला. बोटांखालची नाडी बंद झाली, पारा आणखी थोडा वर गेला. विद्यार्थी असताना शिकलेली ही पद्धत. कानांवर भरवसा बसला तशी मागे पडली होती. पारा उतरू लागला. एकशे चौसष्टवर बोटांना पहिला ठोका लागला, स्पष्ट, कुणी दारावर टकटक करावी तसा. डॉक्टरांनी सगळी हवा सोडली, मिनिटभर थांबले आणि पुन्हा एकदा घेतलं. एकशे चौसष्टच.

"आता किती?" छताकडे बघतच घड्याळजींनी विचारलं.

"बाहेरचं बरोबर आहे."

घड्याळजींनी मान खाली केली.

"डोकं जड होतं, त्याशिवाय आणखी काही?" डॉक्टरांनी विचारलं.

घड्याळजी आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. मग हळूहळू सांगितलं. परवा सकाळी दुकानात चिमटा हातातून पडला. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. दहा मिनिटं तो हात कुणा परक्याचा असावा तसा मांडीवर पडून होता. नंतर आला परत. दुपारी तर एक बायकी घड्याळही उघडलं.

"हे मघाशी का नाही बोललात?"

"बोलणारच होतो," घड्याळजी म्हणाले. "पण तुम्ही म्हणालात ना, आकडा चांगला आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचा आकडा केसपेपरवर उतरवला, आधीचा एका रेघेनं खोडला. मोठ्या इस्पितळाला पत्र लिहिलं. त्यात हाताची हकीकत होती, थोरल्या भावाची होती, आणि सहा महिने औषध अपुरं पडलं, असंही एक वाक्य होतं. ते कुणामुळे, हे लिहिताना पेन थोडं थांबलं आणि मग पुढे गेलं. आज, आत्ताच जायचं, घरी जाऊन नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. ताईंनी घड्याळजींच्या मुलीला फोन करून बोलावून घेतलं. ती गाडी घेऊन येईपर्यंत घड्याळजी बाहेर बाकाच्या टोकाला बसून उजव्या हाताची मूठ वळत होते आणि उघडत होते.

गाडी गेल्यावर डॉक्टरांनी ताईंना आत बोलावलं. टोपलीतला कचरा रोज कोण टाकतं, असं विचारलं.

"मीच."

"आणि चिठ्ठ्या?"

ताई बाहेर गेल्या आणि औषधांचा एक रिकामा खोका घेऊन आल्या. आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, महिन्यागणिक रबर लावलेले. प्रत्येकीच्या मागे रोग्याचं नाव आणि डॉक्टरांचा आकडाही ताईंच्या अक्षरात लिहिलेला होता.

"मी टाकायला सांगितलं होतं."

"हो."

"मशीनच जास्त दाखवत असेल, असं नाही वाटलं?"

"वाटलं. घेतलं त्या दुकानात दोनदा तपासून आणलं." ताईंनी खोक्याची कड हातानं सरळ केली. "ज्यांचं फारच असायचं त्यांना मी सांगायचे, डॉक्टरांनी आठ दिवसांनी परत बोलावलंय."

लोक हल्ली वरचेवर येतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण त्यांनी वेगळं धरलं होतं.

"मला सांगायचं होतंत."

"दोनदा सांगितलं," ताई म्हणाल्या. "तुमच्या पाठीमागे उभं राहून. तुम्ही वळलाही नाहीत."

डॉक्टरांनी खोका आपल्याकडे ओढला. चिठ्ठ्यांवरच्या सगळ्यांना बोलवावं लागेल, आजपासूनच, आणि अडीअडचण असेल त्यांच्या घरी जावं लागेल, असं ते म्हणाले. मग बाहेरचं मशीन आत आणून टेबलावर ठेवायला सांगितलं. ताईंनी ते स्टेथोस्कोपच्या शेजारी ठेवलं आणि पुढचा रोगी आत सोडला.

सुनेचा पारा उतरवू पाहणाऱ्या त्याच आजी होत्या. खुर्चीत बसता बसता त्यांनी बाही वर केली आणि चिठ्ठी पुढे धरली. डॉक्टरांनी ती टोपलीत टाकली नाही. वाचली, केसपेपरवर उतरवली आणि आजींचं मनगट हातात घेतलं. बाहेर जेवढं आहे तेवढंच इथे असतं, आत आल्यानं उतरत नाही, असं त्यांनी आजींना सांगितलं. आजींना ते काही पटलेलं दिसलं नाही. त्या टेबलावरच्या उघड्या घड्याळाकडे बघत काहीतरी म्हणाल्या.

डॉक्टरांना नुसते ओठ हलताना दिसले. अशा वेळी एरवी ते मान डोलावत.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आजी, जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "मला ऐकू कमी येतं."