पॉलिशवाल्याची गोळी

पॉलिशवाल्याचं टक्कल म्हणजे फर्निचरच्या त्या कारखान्यातली फुकटची करमणूक होती. त्याच्या हाताखालून गेलेल्या टेबलात तोंड दिसतं, असं गिऱ्हाईक कौतुकाने म्हणायचं, की लगेच सुतारखात्यातून करवतचा आवाज यायचा, "तोंड बघायला टेबल कशाला? हा खाली वाकला की झालं!" जो भेटेल त्याला तोंडाने कापायचा म्हणून म्हाताऱ्या सुताराचं नावच करवत पडलं होतं. सगळे हसायचे. पॉलिशवालाही हसायचा आणि घरी गेला की केस येण्याची गोळी गिळायचा.

दोन वर्षं हा उद्योग चालला होता, तोही चोरून. डबी दाढीच्या सामानात, जुन्या ब्रशखाली. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. एवढं करून टाळूवर आली होती ती नुसती लव, पण गडी काही आशा सोडायला तयार नव्हता.

त्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये रक्तदानाचं शिबिर होतं. दाराशी टेबल टाकून बसलेल्या डॉक्टरबाई एकेकाला विचारत होत्या. जेवून आलात का, झोप झाली का, कावीळ झाली होती का, हल्लीच दात काढलाय का, अंगावर गोंदवलंय का.

"औषध, गोळी, काही चालू आहे?"

मागे करवत कान टवकारून उभा होता. पॉलिशवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण उद्या कारखानाभर काय गाजेल ते त्याला दिसलं.

"काही नाही," तो म्हणाला. गेल्या वर्षीच्या शिबिरातही त्याने हेच सांगितलं होतं.

तो खाटेवर आडवा झाला, सुई टोचली गेली, पिशवी भरू लागली. तिकडे करवतची पाळी आली.

"बाई, जावई निवडतानाही मी एवढी चौकशी केली नव्हती."

डॉक्टरबाई हसल्या. "तुमचं रक्त कोणाला चढवलं जाईल, सांगता येत नाही ना, म्हणून. आता केस येण्याच्या साध्या गोळीचंच बघा. घेणाऱ्याला काही होत नाही. पण तेच रक्त गरोदर बाईला गेलं आणि पोटात मुलगा असला, तर त्याच्या वाढीत दोष राहू शकतो. धोका थोडाच, पण तो आम्ही पत्करत नाही. गोळी बंद करून महिना गेला की खुशाल द्या."

"ते खरं हो," करवत म्हणाला. "गेल्या वर्षी माझ्या पोरीला तिसऱ्या महिन्यात रक्त चढवावं लागलं. तुमच्याच रक्तपेढीतून आणलं होतं. ते मिळालं म्हणून आज मी नातू खेळवतोय."

खाटेवरच्या माणसाचे हातपाय गार पडले. नर्सने विचारलं, चक्कर येतेय का? त्याने मान हलवली. बोलायचं होतं ते तेव्हाच, पण जीभ उचलेना. भरलेली पिशवी नर्सने उचलून नेली. त्याच्या हातात फळांचा रस आला, बिस्किटं आली, छातीवर बिल्ला लागला. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो कामावर परतला, पण हात चालेना. पॉलिशचा बोळा एकाच जागी फिरत राहिला आणि कपाटाच्या दारावर डाग पडला. खिडकीतून दिसत होतं, रक्ताच्या पिशव्यांच्या पेट्या गाडीत चढत होत्या. एक पेटी करवतनेच उचलून धरली होती. ड्रायव्हरने दार उघडलं तसा पॉलिशवाला बोळा टाकून धावत सुटला.

"बाई, माझी पिशवी काढा. मी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

सगळे थांबले होते. पॉलिशवाल्याने हात नकळत डोक्यावर नेला. "केसांची गोळी घेतो मी."

कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडायला लावली, त्याची पिशवी शोधून बाजूला काढली. "ही टाकून देऊ. आत्ता सांगितलंत, बरं केलंत." मग पेटी बंद करता करता विचारलं, "कधीपासून घेताय?"

"दोन वर्षं."

"मध्ये कधी रक्त दिलं होतं?"

पॉलिशवाल्याने करवतकडे पाहिलं. करवत त्याच्याचकडे पाहत होता.

"गेल्या वर्षी," पॉलिशवाला म्हणाला. "इथेच."

डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या की पिशव्या हजार ठिकाणी जातात, गोळीचा अंश अगदी कमी असतो, बाळ धडधाकट असेल तर काळजी नको, फार तर एकदा दाखवून आणा. करवत ऐकत होता. त्याने पेटी गाडीत नीट सरकवून ठेवली, हात पुसले आणि फोन कानाला लावून भिंतीपाशी गेला. "काही नाही गं, सहज केला. बाळ काय करतंय? ... बरं. उद्या त्याला जरा डॉक्टरकडे नेऊन आणू आपण. अगं, सहजच."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. तयार टेबलावर वाकून म्हणालं, वा, यात तर तोंड दिसतंय.

पॉलिशवाला मान खाली घालून उभा राहिला. सुतारखात्याकडून एवढं एक वाक्य यावं, सगळ्यांनी पोट धरून हसावं, म्हणून त्याचा जीव कानांत गोळा झाला होता. तिकडून नुसता रंध्याचा आवाज येत राहिला.