लवंगेचा कौल

वाशीतल्या त्या सोसायटीच्या हॉलबाहेर रविवारी सकाळी चपला ठेवायला जागा उरत नसे. आत दिनानाथ महाराज ब्रिज खेळत. डोळे मिटलेले, तोंडाने मोठ्याने स्तोत्र. आणि समोर जोडीदार म्हणून बसलेला शिष्य बाजीराव ज्या रंगात जबर असेल, नेमके त्याच रंगाचे पान महाराजांच्या हातून पडे. लपलेली पाने दिसतात त्या माणसाला लपलेला रोगही दिसणारच, असे लोक मानू लागले होते. एक हरलेला बँक मॅनेजर तर त्यांचे पाय धुतलेले पाणी प्यायला होता.

सुमेधा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ब्रिज ती वडिलांकडून शिकली होती. जोडीदाराला काय सांगायचे ते बोलीतून आणि खेळलेल्या पानातून सांगायचे; तिसरी वाट म्हणजे लबाडी, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

आज शेजारच्या जयमालाने लेक सुचित्राला सोबत आणून तिच्या फिट्सच्या गोळ्यांची बाटली महाराजांच्या पायाशी ठेवली होती. डाव संपला की ती महाराजांच्या सांगण्यावरून खाडीत टाकायची होती. गोळ्या एकदम थांबवल्या तर सुचित्राच्या जिवावर बेतेल, असे सुमेधाने कालच बजावले होते. त्यावर जयमाला म्हणाली होती, "ताई, महाराजांना पत्त्याच्या आरपार दिसतं. तुमच्या डॉक्टरला दिसतं का?"

तीन रविवार सुमेधा मागे बसून टिपणे काढत होती. बाजीरावाजवळ पानाचा डबा असे. महाराजांनी पान टाकण्याआधी त्याची बोटे डब्यात जात. काथाला लागली की बदाम, सुपारीला चौकट, विड्याच्या पानाला इस्पिक, लवंगेला किलवर. एकदाही चूक नाही.

आज ती स्वतः खेळायला बसली, जयमालाच्या नवऱ्याची, श्यामसुंदरची जोडीदार म्हणून. त्याने बोलीत दोनदा किलवर सांगितला. सुमेधाने तीन नोट्रम्पवर, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात करायच्या बोलीवर, बोली थांबवली. पहिले पान महाराजांनी टाकायचे होते.

स्तोत्राचा आवाज चढला. बाजीरावाची बोटे काथाकडे निघाली, तोच सुमेधा हलकेच म्हणाली, "भाऊ, दाढ दुखतेय. एक लवंग देता?"

डबा उघडा असताना बाईमाणसाला नाही कसे म्हणायचे? त्याने लवंग उचलली. महाराजांना स्वतःच्या आवाजापुढे काहीच ऐकू आले नव्हते.

"दिसलं," ते म्हणाले, आणि त्यांनी किलवर टाकला.

श्यामसुंदर बघतच राहिला. "महाराज, किलवर तर मी बोललो होतो. सात पानं आहेत माझ्याकडे." बोली ऐकलेल्या शिकाऊ माणसानेही ते पान टाकले नसते. बाजीरावाकडे तर किलवर नव्हताच; त्याने पहिल्याच हाताला दुसरा रंग फेकला. सुमेधाने ओळीने नऊ हात घेतले. बाजीरावाच्या हातात चार पाने उरली: बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम; काथाने मागितला असता तोच रंग.

"हॉलात अश्रद्धेची सावली आहे," महाराज म्हणाले. "दृष्टी झाकोळली."

"मग डबा बाहेर ठेवू आणि आणखी एक डाव खेळू."

बाजीरावाने डबा छातीशी धरला. महाराज उठले.

सुमेधाने टिपणांची वही उघडून लोकांपुढे ठेवली. "यांना पानं दिसत नाहीत, बाजीरावांची बोटं दिसतात. त्याला सिद्धी लागत नाही, पापण्या किलकिल्या ठेवल्या की पुरतं. पत्त्यांत फसलात तर डाव गेला, एवढंच. पण पोरीचं औषध सोडायचं, तर सांगणाऱ्याला आधी पारखून घ्या."

जयमालाने बाटली उचलली. बाटलीला पाय धुतलेले पाणी लागले होते. तिने ती पदराने पुसली, मग पुन्हा एकदा पुसली.

"चल सुचित्रा," ती म्हणाली, "सकाळची गोळी राहिलीय."